देवरीचे तेरा नमुने

रंजिता गजभियेने पर्समधून कागद काढला आणि टेबलावर ठेवला. ठेवला कसला, आपटलाच.

"वाचा मॅडम. मी चूक केली हे मीच लिहून द्यायचं आहे. उद्या दुपारी बारापर्यंत. नाही दिलं तर लॅबचे डॉक्टर पोलिसात जातो म्हणतात."

अल्का मेश्राम यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. गोंदिया स्टेशनच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर त्यांचं 'मेश्राम चौकशी सेवा' हे ऑफिस. बारा वर्षांत त्यांनी मुलांची खरी नोकरी, मुलींची खरी वयं आणि सासऱ्यांची खरी शेती बरीच शोधून दिली होती. आता २०१४चा फेब्रुवारी चालू होता आणि लग्नसराई तोंडावर होती. पण हा कागद लग्नाचा नव्हता.

'माझ्या निष्काळजीपणामुळे देवरी केंद्रातील रक्ताच्या नमुन्यांवर चुकीच्या चिठ्ठ्या लावण्यात आल्या...'

"मराठी फार शुद्ध आहे," अल्काबाई म्हणाल्या. "तुझी वाटत नाही."

"डॉक्टरांच्या वकिलाची आहे."

कोपऱ्यात इंदरलाल कटरे बसले होते. चौतीस वर्षं सडक अर्जुनीत पोस्टमन होते. रिटायर झाल्यावर घरी करमेना म्हणून ते अल्काबाईंकडे येऊ लागले, आणि येता येता सहायक झाले. त्यांना कोणतीही गोष्ट एकदा सांगून पुरत नसे. पण तिसऱ्यांदा समजली की ती पक्की समजत असे.

"सुरुवातीपासून सांग पोरी," ते म्हणाले. "मले घाईत समजत नाही."

रंजिता तीन वर्षं चुलबंद पॅथॉलॉजी लॅबच्या देवरी केंद्रात होती. एकटीच. रक्त काढायचं, नळीवर नंबराची चिठ्ठी लावायची, डबा एसटीने गोंदियाला पाठवायचा. तपासणी गोंदियात होई. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट लॅबच्या वेबसाइटवर येई. ती तो छापून पेशंटच्या हातात देई.

दिवाळीनंतर चार रिपोर्ट चुकीचे निघाले होते. चारही सिकलसेलचे, म्हणजे रक्तातल्या त्या आनुवंशिक आजाराचे. त्यातला एक दुर्गेश्वरी रहांगडालेचा होता. रिपोर्टात तिला आजार दाखवला, मुलाकडच्यांनी ठरलेलं लग्न मोडलं. महिन्याने नागपूरला पुन्हा तपासलं तर मुलगी ठणठणीत. तिचे वडील दहा माणसं घेऊन लॅबमध्ये आले होते.

"चारही रिपोर्ट देवरीचे?" अल्काबाईंनी विचारलं.

"देवरीचे. आणि चारही बाजाराच्या दिवसाचे. म्हणून तर सगळे म्हणतात, बाजारात गर्दी असते, ही गोंधळते. मॅडम, मी गोंधळत नाही. माणूस समोर बसलेला असतानाच चिठ्ठी लावते, त्याला वाचून दाखवते. ज्याला वाचता येत नाही त्याला पण दाखवते."

"आणखी काही तक्रार?"

"'नमुने खराब आणते' ही जुनीच. दिवाळीपासून नऊ नमुने खराब म्हणून ते पेशंट परत बोलवायला सांगितले. त्याआधी अडीच वर्षांत दोन होते." तिचा आवाज जरा खाली आला. "सही केली तर या जिल्ह्यात मला कोणी सुई हातात देणार नाही. पोलिसात गेलं तरी तेच. आईनं बिड्या वळून मला डीएमएलटी, हा लॅबचा कोर्स, करू दिला. आणि तो काउंटरवरचा भैयाजी सगळ्यांसमोर म्हणतो, 'तुम लोगों को कोर्स कैसे मिलता है, हमको मालूम है.'"

अल्काबाईंनी पेनाला टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं.

"कटरेजी," त्या म्हणाल्या, "स्कूटर काढा."

लॅबचे मालक डॉ. टेंभरे कामात होते आणि तसं त्यांनी तीनदा सांगितलं.

"यात चौकशी करण्यासारखं काही नाही. मशीन नवं आहे, प्रोग्राम नवा आहे. गोंदियाच्या पेशंटचा एकही रिपोर्ट चुकला नाही. चुकतं ते फक्त देवरीचं. देवरीला कोण आहे? ती."

"बाकीच्या दिवशी देवरीचं चुकत नाही?"

"बाकीच्या दिवशी नमुने असतात किती? पाच-सहा. बाजाराला साठ-साठ."

"आणि गोंदियाचे?"

"ते दिवसभर एकेक येतात. तपासून झालं की रिपोर्ट जातो. देवरीचा डबा एकदम येतो, म्हणून ते सगळे दुसऱ्या दिवशी सकाळी एकदम पाठवतो."

"नळ्यांवरच्या चिठ्ठ्या तुम्ही स्वतः पाहिल्या?"

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "बाई, मी चाळीस लोकांना पगार देतो. चिठ्ठ्या पाहत बसू?"

बाहेर काउंटरवर भैयाजी होता. पन्नाशीचा, कपाळाला गंध, समोर कॉम्प्युटर.

"देखो मॅडम, सीधी बात आहे. सकाळी मी 'सगळे पाठवा' हे बटन दाबतो. दो मिनट में साठ रिपोर्ट गेले. ज्याचा रिपोर्ट वेबसाइटवर दिसत नाही, त्याच्यापुढे मी लिहितो, 'नमुना खराब, पुन्हा बोलवा.'"

"नमुना खराब आहे हे तुम्हाला कोण सांगतं?"

"रिपोर्ट नाही मतलब नमुना खराब. और क्या?"

"तपासणाऱ्यांना विचारत नाही?"

"कायले विचारू?" भैयाजी हसला. "वैसे, देवरीला आता माझी भाची येऊन राहिली. डीएमएलटी आहे. होशियार आहे."

जिन्यात इंदरलाल कुजबुजले, "अल्काबाई, झालं का मंग? भाचीसाठी यानंच केलं."

"त्याला रिपोर्टातला आकडा बदलता येतो का?"

"ते काही त्यानं सांगितलं नाही."

"मग अजून झालं नाही. चला वर."

वरच्या मजल्यावर शामकलाबाई मशीनपाशी होत्या. दहा वर्षं याच खुर्चीवर. मशीनचा निकाल आता सरळ कॉम्प्युटरात जात असे, तरी त्या शेजारी जाडजूड रजिस्टर ठेवून नंबर आणि निकाल हाताने लिहीत.

"सवय आहे जी," त्या ओशाळून म्हणाल्या. "भैयाजी हसतेत. म्हणतेत, शामकला अजून पाटीवर लिहिते."

"हे रजिस्टर कोणी मागितलं? ही भानगड झाल्यावर?"

"नाही बा. कोणी नाही."

"मी पाहू?"

अल्काबाईंनी पर्समधून रंजिताने दिलेली यादी काढली: चार चुकीचे, नऊ खराब. तेरा नंबर. त्या एकेक पान उलटत गेल्या. इंदरलाल नंबर वाचत होते, त्या बोट ठेवत होत्या. पाचव्या नंबरानंतर त्यांचं बोट थांबलं.

"शामकलाबाई, या नऊमधला एक तरी नमुना खराब होता?"

"खराब असला तर मी लाल पेनानं लिहिते." त्या जवळ आल्या. "इथं लाल कुठं आहे? हे सगळे तपासले आहेत. निकाल लिहिला आहे ना समोर."

"आणि या सेहेचाळीसच्या पुढे?"

"नॉर्मल." शामकलाबाईंनी यादीत त्या नंबरापुढचं नाव पाहिलं आणि त्यांचा हात तोंडावर गेला. "ही रहांगडालेची पोरगी होय का? माय माय! इथं तर नॉर्मल लिहिलं आहे!"

अल्काबाईंनी शांतपणे तेराही नोंदींचे फोटो घेतले. पण इंदरलाल त्यांना ओळखत होते. त्यांच्या मानेवर लाली चढली होती.

शेवटचा होता विवेक डोये. लॅबचा प्रोग्राम त्याने लिहिला होता. रामनगरमधल्या खोलीत दोन कॉम्प्युटर, एक खाट आणि भिंतीवर कोणत्या तरी परीक्षेचं वेळापत्रक. तो मनापासून बोलला, आणि अभिमानाने.

"वेबसाइट जिथे असते त्या सर्व्हरशी जो भाग बोलतो त्याला क्लायंट म्हणतात मॅडम, एचटीटीपी क्लायंट. रिपोर्ट तोच घेऊन जातो. आधी मी प्रत्येक रिपोर्टसाठी नवा क्लायंट बनवत होतो. बाजाराच्या दिवसाचे साठ रिपोर्ट म्हणजे साठ क्लायंट. कॉम्प्युटर लटकून जायचा, सर्व्हरशी जोडण्याच मिळायच्या नाहीत. भैयाजी शिव्या द्यायचे. मग दिवाळीच्या सुट्टीत वाचून काढलं. क्लायंट एकच बनवायचा आणि सगळ्यांनी तोच वापरायचा."

"सगळ्यांनी म्हणजे?"

"प्रोग्राममध्ये आठ थ्रेड आहेत. म्हणजे समजा आठ हात. एकाच वेळी आठ रिपोर्ट पाठवतात. पण क्लायंट एकच. दिवाळीपासून कॉम्प्युटर एकदाही लटकला नाही."

"रिपोर्टावर पेशंटचं नाव असतं?"

"पाठवताना नसतं. डॉक्टर म्हणाले, सिकलसेलचा निकाल नावासकट नेटवरून जायला नको. म्हणून रिपोर्टात फक्त निकाल. पेशंटचा नंबर मी क्लायंटवर लावतो, हेडर म्हणतात त्याला. नंबर लावला की रिपोर्ट पाठवला. सर्व्हर नंबर पाहून नाव छापतो."

"हे तू तपासून पाहिलं होतंस?"

"पन्नास वेळा! एकेक करून पन्नास रिपोर्ट पाठवले. पन्नासही बरोबर."

"एकेक करून," अल्काबाई म्हणाल्या.

"हो."

"उद्या अकरा वाजता लॅबमध्ये ये. हे सगळं घेऊन ये. आणि खोटे चाळीस पेशंट तयार करून आण."

स्कूटरवर इंदरलालनी मान वळवली. "मले काही समजलं नाही."

"समोर पाहा कटरेजी. ट्रक आहे."

दुसऱ्या दिवशी अकराला डॉक्टरांच्या केबिनमध्ये सगळे होते. डॉक्टर, भैयाजी, शामकलाबाई, विवेक, आणि दाराशी उभी रंजिता. तिला कोणी खुर्ची दिली नव्हती. इंदरलालनी आपली दिली.

"पाऊण तास आहे," डॉक्टर म्हणाले.

"पुरे आहे. डॉक्टरसाहेब, तुमचं म्हणणं, रंजिताने दोन नळ्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. अदलाबदल झाली तर किती रिपोर्ट चुकतील?"

"दोन. याचा त्याला, त्याचा याला."

"मग दुर्गेश्वरीला जिचा आजार छापून मिळाला, तिला दुर्गेश्वरीचा नॉर्मल रिपोर्ट मिळायला हवा होता. कुठे आहे तो? दिवाळीपासूनचे सगळे रिपोर्ट काल कटरेजींनी पाहिले. चार चुकीचे, आणि एकाचीही जोडी नाही. जोडीच्या जागी काय आहे? 'नमुना खराब.' दुर्गेश्वरीचा नंबर सेहेचाळीस. शामकलाबाईंच्या रजिस्टरात ती नॉर्मल आहे. आजार आहे एक्केचाळीस नंबरला. आणि एक्केचाळीसला तुम्ही कळवलं, नमुना खराब."

"चिठ्ठी चुकली असेल—"

"चिठ्ठी देवरीत चुकली असती तर रजिस्टरातही चुकलं असतं! रजिस्टर बरोबर आहे. नागपूरच्या निकालाशी जुळतं. म्हणजे नळी या इमारतीत आली तोवर सगळं ठीक होतं. रंजिताचा संबंध तिथेच संपला." अल्काबाईंचा आवाज चढला. "हे कळायला मला एक जिना चढावा लागला, डॉक्टर. तुमच्याच इमारतीतला. तुम्ही वकिलाकडे गेलात, पण वरच्या मजल्यावर गेला नाहीत."

भैयाजीने घाम पुसला. "मैंने कुछ नहीं किया."

"तेच तर. तुम्ही काहीच केलं नाहीत. नऊ माणसांचं रक्त चांगलं असताना एकदाही वर विचारलं नाहीत. पण रिपोर्ट तुम्ही बदलले नाहीत. निकालाला हात लावायची सोय तुमच्या कॉम्प्युटरात नाही, हे मी विवेकला विचारलं. आणि मुद्दाम बदलायचे असते तर चार चुकीचे आणि नऊ गायब, असा विचित्र हिशेब कशाला झाला असता?" त्या वळल्या. "विवेक, चाळीस पेशंट आणलेस? एक नंबरच्या पेशंटचा निकाल एक, दोनचा दोन. आधी एकेक पाठव."

विवेकने पाठवले. पडद्यावर चाळीस ओळी आल्या. सगळ्या बरोबर.

"आता भैयाजी दाबतात ते बटन दाब. आठही हातांनी."

विवेकने दाबलं. ओळी भराभर आल्या. तो पुढे वाकला आणि वाकलेलाच राहिला.

सहा नंबर रिकामे होते. सहा नंबरांवर दोन-दोन निकाल आले होते, आणि त्यातल्या दोघांच्या नावावर शेजाऱ्याचाच निकाल उरला होता.

"एरर पण नाही आला," तो पुटपुटला. "सगळं हिरवं दाखवून राहिलं."

"मले कोणी सांगेल का काय झालं?" इंदरलाल म्हणाले.

"तुम्हालाच तर कळेल कटरेजी. सडक अर्जुनीत पत्रं किती वाटायचे?"

"दीडशे. सणावाराला तीनशे."

"प्रत्येक पत्राला नवा पोस्टमन होता का?"

"कुठून येईल! मीच."

"समजा, पाकिटं कोरी आहेत. पत्ता पाकिटावर नाही, तुमच्या शर्टाच्या खिशावर खडूने लिहायचा. एकेक पत्र असेल तर चालेल. पत्ता लिहिला, पत्र दिलं, पुसला, दुसरा लिहिला. पण आठ बाबू एकदम तुमच्याभोवती जमले तर? एकाने बकारामचा पत्ता लिहिला. तो पाकीट तुमच्या हातात देतो न देतो, तोच दुसऱ्याने पुसून सुशिलाबाईचा लिहिला. आता दोन्ही पाकिटं कुठे जातील?"

इंदरलालचे डोळे मोठे झाले. "दोन्ही सुशिलाबाईच्या घरी! बकारामले काहीच नाही!"

"बकारामचा नमुना खराब. आणि सुशिलाबाईच्या दाराशी दोन पाकिटं. सर्व्हर शेवटी आलेलं ठेवतो. तिचं स्वतःचं शेवटी आलं तर ती बचावली. बकारामचं शेवटी आलं तर त्याचा आजार तिच्या नावावर. म्हणून गायब नऊ आणि चुकीचे चारच. म्हणून दिवाळीनंतर. म्हणून फक्त बाजाराच्या दिवसाचे, कारण एरवी आठ हातांना एकदम कामच नसतं. गर्दीत गोंधळ झाला हे खरं आहे डॉक्टर. पण तो देवरीच्या गर्दीत नाही, तुमच्या कॉम्प्युटरातल्या गर्दीत."

विवेकने पडद्यावरून मान वर केली. "मग क्लायंट एकच ठेवला, तीच चूक झाली का?"

"ते तू मला सांग. मी काल सगळी दुपार तुझ्याच विषयावरचं वाचत होते, निम्मं डोक्यावरून गेलं."

तो पडद्याकडे वळला. मग हळूहळू म्हणाला, "नाही. एकच ठेवणं बरोबर आहे. तो सगळ्यांचा आहे, म्हणून सुरुवातीला एकदा तयार केला की नंतर त्याच्या अंगावर काही लिहायचं नाही. पेशंटचा नंबर त्या-त्या रिपोर्टाच्या पाकिटावर पाहिजे. प्रत्येक विनंतीला तिचं वेगळं हेडर." त्याची बोटं चालू लागली. वीस मिनिटांत दुरुस्ती झाली. मग त्याने चाळीस पेशंट आठ हातांनी शंभर वेळा पाठवले. चार हजारांत एकही चुकला नाही.

तो उठला आणि रंजितासमोर उभा राहिला. "चूक माझी आहे ताई."

"चूक तुझी आहे," अल्काबाई म्हणाल्या, "आणि एकेक पाठवून समाधान मानलंस, हे विसरू नकोस. पण ती चूक आहे. हा कागद टाइप झाला ती चूक नव्हती. तिथे आधी माणूस निवडला गेला आणि मग कारण शोधलं. मशीन नवं, प्रोग्राम नवा, डॉक्टर मोठे. उरली कोण? डबा बसमध्ये ठेवणारी पोरगी. आणि तिचं शिक्षण कसं झालं यावर काउंटरवर बसून शेरे! तीन वर्षांत तिची एक चिठ्ठी चुकली नाही, डॉक्टर. एक."

डॉक्टरांनी कागद घेतला आणि फाडला. "ठीक आहे. गैरसमज झाला. गजभिये, तू सोमवारपासून कामावर ये. रहांगडाल्यांना आम्ही पत्र देऊ, चुकीचा रिपोर्ट गेलेल्या उरलेल्या तिघांनाही. बाकी नऊ जणांना भैयाजी फोन करतील."

"मी कामावर आता आहे सर," रंजिता म्हणाली. त्या केबिनमध्ये ती पहिल्यांदाच बोलत होती. "एक्केचाळीस नंबर म्हणजे कुंता. सहावा महिना चालू आहे तिला. सिकलसेलचा आजार, पोटात बाळ, आणि तिला माहीत नाही. तुमच्या सांगण्यावरून मीच तिला म्हटलं, नमुना खराब झाला, पुन्हा ये. ती आली नाही. तिच्या घरी फोन नाही. गाडी काढा."

"ड्रायव्हरला सांगतो."

"तुम्ही चला सर."

डॉक्टरांनी घड्याळाकडे हात नेला. अल्काबाई त्या हाताकडे पाहत होत्या. हात खाली आला.

देवरीच्या पुढे डांबरी रस्ता संपला आणि साल-मोहाच्या झाडांतून पाच किलोमीटर धूळ होती. कुंता अंगणात सूप घेऊन बसली होती. पाय सुजलेले, डोळे पिवळसर. गाडीतून एवढी माणसं उतरलेली पाहून ती धडपडत उठली.

"रंजिता मॅडम, चुकलाच माहा," ती घाईने म्हणाली. "तुमी बोलावलं होतं, मी नाही आली. हातपाय लय दुखून राहिले, बसवर चढवत नाही. रागावू नका जी."

रंजिताने तिला धरून पुन्हा खाली बसवलं. मग ती मागे वळली. धुळीने माखलेले बूट घेऊन डॉक्टर गाडीच्या दारापाशीच उभे होते.

"सांगा सर," ती म्हणाली. "कोणाचं चुकलं ते सांगा हिला."

डॉक्टर अंगणात आले. बसायला काही नव्हतं. ते तसेच उकिडवे बसले, आणि तिथवर यायला त्यांना बराच वेळ लागला.

"बाई," ते म्हणाले, "तुझा नमुना खराब नव्हता. तुझा रिपोर्ट त्याच वेळी आला होता. आमच्याकडे हरवला. तुझं काही चुकलं नाही. आमचं चुकलं."

कुंताने आधी रंजिताकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे.

"मंग पोराले काही होणार नाही ना जी?"

रंजिताने तिच्या डोक्यावरचा पदर नीट केला, सूप बाजूला ठेवलं.

"चल," ती म्हणाली. "आपण आताच गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात जाऊ. तू पुढं बस, पाय पसरून. सर मागं बसतील."